ढवळेकाकांची अंगणातली एसटी

प्रिय ईशान आणि सई,

मागच्या बुधवारी फोनवर सईनं विचारलं, "आजी, लॉकडाऊनमध्ये तू एकटीच होतीस ना? मग दिवसभर करायचीस काय?" मी म्हटलं, "रोज संध्याकाळी एसटीनं जायचे." तू हसलीस. ईशान म्हणाला, "आजी, तेव्हा एसटी बंद होत्या." तेवढ्यात तुमची शाळेची गाडी दाराशी आली आणि फोन राहिला तो राहिलाच.

ईशानचं बरोबर आहे, एसटी बंद होत्या. मी सांगितलं तेही खरं आहे. आमच्या त्या एसटीचे कंडक्टर होते शेजारचे ढवळेकाका. त्यांना जाऊन परवा महिना झाला. तुम्ही त्यांना ओळखत नाही, आणि ओळखणारी माणसं आता आमच्या गल्लीतही मोजकीच राहिली आहेत. माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे तोवर लिहून ठेवावं, म्हणून आज सकाळी टेबल आवरून बसले. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण काकांचं बोलणं इंग्रजीत घातलं की त्याचा जीवच जातो. अडेल तिथं आईला वाचून दाखवायला सांगा.

काकांना एक सवय होती. कुठलीही गाडी निघाली की तिच्या अंगावर ते हातानं दोन थापा मारत. बत्तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. कंडक्टरनं दोरी ओढून दोन बेल दिल्या की ड्रायव्हर गाडी सोडतो, आणि ते त्यांच्या हातात असं मुरलं होतं की निवृत्तीनंतरही सुटलं नाही. दूधवाल्याची मोटारसायकल असो, गॅसचा टेम्पो असो की पाहुण्यांची रिक्षा, काकांच्या दोन थापा पडल्याशिवाय आमच्या गल्लीतून काही हलत नसे. त्यांच्या मुलीची पाठवणी मला आठवते. फुलांनी मढवलेली मोटार, सगळ्यांचे डोळे ओले, काकांचेही. मोटारीचं दार लागलं आणि त्यांचा हात आपसूक उठला. धप्, धप्. "जाऊ द्या!" आत हुंदके देणारी मुलगी खुदकन हसली आणि तशीच हसत सासरी गेली.

आमची पहिली भेटही गाडीमुळेच झाली. आम्ही नगरला सावेडीतल्या या घरात राहायला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पो मागे घेताना एक सडपातळ, उंच माणूस बनियनवर बाहेर आला आणि न विचारता ओरडू लागला, "येऊ द्या, येऊ द्या, आजून येऊ द्या... बास!" नंतर माझं पुस्तकांचं कपाट दारात अडकलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत असे, त्यामुळे आमच्या घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त. हमाल म्हणाले, जात नाही. काकांनी कपाटाभोवती एक चक्कर मारली.

"जातंय. मधी जागा हाय, मॅडम. दारातला मानूस कायम म्हनतो जागा न्हाई. पर मधी जागा असतीच. पुढं सरकायला पायजे."

कपाट गेलं. "मधी जागा हाय" हे वाक्य मात्र पुढं मी हजार वेळा ऐकलं. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुणी घरात चौथं मूल झालं म्हणून कपाळाला हात लावला तरी.

माणूस प्रेमळ होता, पण नियमाला लोखंडासारखा. आपल्याकडे गर्दीच्या एसटीत लोक खाली उभे राहूनच खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल पडला की ती जागा त्याची. तुम्हाला विचित्र वाटेल, पण इथं तो कायदाच समजा. ढवळेकाका तो कायदा मानत नसत. गाडीत शिरले की सगळे रुमाल, टॉवेल, टोप्या गोळा करून टपावरच्या सामानासारखे एका कोपऱ्यात टाकत. "रुमालाला तिकीट न्हाई. मानूस आला की मानूस बसंल." मग तो सरपंचाचा रुमाल असो की डेपोतल्या साहेबाच्या मेहुण्याचा.

दुसरा नियम त्याहून कडक होता. घरच्या माणसाला ते स्वतःच्या गाडीत कधी घेत नसत. "घरचं मानूस गाडीत बसलं की कंडक्टरचा डोळा तिकडंच जातो," असं ते मोठ्या अभिमानानं सांगत. "हिला इचारा. बत्तीस वर्सांत येकदा बी माज्या गाडीत पाय ठेवला न्हाई." 'ही' म्हणजे हौसाबाई, त्यांची बायको. त्या तेव्हा दारात असल्या तर सरळ आत वळत. मला वाटे, तेच तेच ऐकून कंटाळल्या असतील.

आता लॉकडाऊनचं सांगते.

त्या मार्चच्या सुरुवातीला हौसाबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आल्या, व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येऊ लागली. ती तीन दिवस आली आणि सगळंच बंद झालं. त्यांची लेक सासरी, नाशिकला अडकली. डॉक्टर फोनवर सांगत, "आजींना रोज चालवा. आत्ता चालल्या नाहीत तर पाय आखडेल, मग पुढं काठी घेऊनही उभं राहता येणार नाही." आणि हौसाबाई खुर्चीतून उठायला तयार नव्हत्या.

आमची घरं एका ओळीतली, एकमेकांना चिकटून. प्रत्येकापुढं शहाबादी फरशीचं अंगण आणि दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. डावीकडे ढवळे, मध्ये मी, उजवीकडे सलीमभाई शेख. सलीमभाई सरकारी कचेरीत जीपवर ड्रायव्हर होते, तेही निवृत्त. भिंती बुटक्या असल्यामुळे कुणाच्या अंगणात काय चाललंय ते तिघांनाही दिसे आणि ऐकूही येई.

"उठ की. चार पावलं टाक," काका म्हणत.

"कुठं जायचंय मला चालून?" हौसाबाई म्हणत. "कुठं काय उघडं हाय? देऊळ सुदिक कुलपात. चालून चालून कुठं जाऊ, भिताडाकडं?"

माझंही वेगळं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी स्वतःसाठी छान वेळापत्रक आखून भिंतीला लावलं होतं. आठ दिवसांत सगळी कपाटं आवरून झाली. नवव्या दिवशी मी डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, दहाव्या दिवशी रंगाप्रमाणे. अकराव्या दिवशी खुर्ची घेऊन अंगणात बसले आणि हौसाबाईंचंच म्हणणं माझ्याही मनात आलं.

त्या संध्याकाळी काका भिंतीपाशी आले. "मॅडम, ही म्हनती कुठं जायचंय. समजा, कुठं जायचंय ते सांगितलं, तर जाईल का?"

मला अर्थ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला लागला. काका घरातून बाहेर आले ते खाकी शर्ट घालून, खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून. अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि माळीवाडा स्टँडवरच्या त्या जुन्या आवाजात ओरडले, "नगर–काष्टी! अरणगाव, बाबुर्डी, चिखली, कोळगाव, घारगाव, माळवाडी फाटा, काष्टीऽऽ!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. हौसाबाई वॉकर पुढ्यात घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला. "आगं बाई! येड लागलं का काय तुमाला?"

"तिकीट घ्या, बाई. कुठं जायचंय?"

माळवाडी हे हौसाबाईंचं माहेर, श्रीगोंदा तालुक्यातली एक वस्ती. तीन वर्षं त्यांचं तिकडं जाणं झालं नव्हतं. त्या काकांकडे बघत राहिल्या. मग इकडंतिकडं पाहून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "माळवाडी फाटा द्या येक."

काकांनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून तिकिटं केली होती. एक फाडून दिलं. भिंतीवर माझ्यासाठी एक ठेवलं, त्यावर खडा ठेवला आणि सहा पावलं मागं झाले. "काय दिस आले मॅडम. जल्मभर वरडलो, पुढं सरका, दाटीनं बसा. आता म्हनायचं लांब लांब उभं ऱ्हावा."

पलीकडून सलीमभाई म्हणाले, "ढवळेसाब, तिकिटं दिली, पण गाडी चालवणार कोण? बिगर ड्रायव्हरची गाडी कुठं जाती का?"

"तुमी काय करताय घरात बसून? या की ड्यूटीवर!"

असे सलीमभाई ड्रायव्हर झाले. रीत अशी ठरली: अंगणाची एक फेरी म्हणजे एक किलोमीटर. माळवाडी फाटा काकांच्या हिशेबानं छप्पन्न किलोमीटरवर. हौसाबाई चालतील तेवढीच गाडी पुढं जाणार, आम्ही बाकीचे आपापल्या अंगणात त्यांच्या बरोबरीनं चालणार. पुढं रमजान लागला आणि सलीमभाईंचे रोजे सुरू झाले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, गाडी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आत मुक्कामाला पोचली पाहिजे. ती एकदाही लेट झाली नाही.

पहिल्या दिवशी हौसाबाई एक किलोमीटर चालल्या, वॉकरवर, काकांचा हात कोपराखाली. नगरलगतचं केडगावसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशीही एकच. चौथ्या दिवशी दोन. मी एका मोठ्या कागदावर रस्ता काढून सगळे थांबे मांडले आणि काकांनी तो त्यांच्या अंगणातल्या भिंतीला चिकटवला. हौसाबाईंना वाचता येत नाही, पण रस्ता कळायला अक्षरं कशाला लागतात? गाडी जिथवर गेली तिथं त्या रोज एक टिकली लावत.

थांबा आला की काका त्या गावची गोष्ट सांगत. अरणगावला एक म्हातारी पदराखाली कोंबडी लपवून चढली होती. काका म्हणाले, तिकीट? ती म्हणाली, एकच. तेवढ्यात पदराखालून कोंबडी बोलली.

"मी म्हनलो, आजी, दुसरं कुनाचं? तर म्हनती, ती माज्या मांडीवर बसनार हाय लेकरावानी, लेकराला तिकीट घेतोस व्हय? मी म्हनलो, लेकरू किती वर्साचं? म्हनती, तीनच म्हयन्याचं हाय, पर आंडी देतं."

सलीमभाई रोज्यानं कोरड्या घशानं हसत. मी रोज त्या गोष्टी वहीत उतरवत असे. समोरच्या खिडक्यांतून दोन-तीन घरं फुकट प्रवास करू लागली. काका त्यांनाही ओरडून सांगत, "उभ्यानं यायचं आसंल तर या. मधी जागा हाय!"

बाबुर्डी गेली. चिखली जवळ आली. हौसाबाई आता रोज तीन फेऱ्या चालत होत्या आणि गालांवर रंग चढला होता. आणि एका संध्याकाळी काकांनी पुकारा केला, "परवाशांनी ध्यान द्या! चिखलीच्या घाटात दरड पडलीय. गाडी सुप्यावरनं वळवली हाय."

हौसाबाई थांबल्या. "काय पडलीय?"

"दरड."

"वैशाखात? पाऊस न्हाई, पानी न्हाई, दरड कशानं पडली? आन् चिखलीचा घाट तो केवढा! त्याची दरड पडली तर बैलगाडी सुदिक आडायची न्हाई."

सलीमभाई मदतीला धावले. "तसं नाही भाभी, रस्त्याचं काम चालू आहे तिथं."

"दरड का काम? दोघं मिळून येक काय ते ठरवा."

हौसाबाईंनी वॉकर फिरवला. "सुपं कुठं, चिखली कुठं. माज्या माह्यारची वाट मला शिकवता? ती वाट जल्मभर लांबच केली तुमी. आता आंगनात बी लांब करताय?" आणि खटक् खटक् करत त्या आत गेल्या.

तीन दिवस गाडी बंद. काका साडेपाचला खाकी शर्ट घालून उभे राहत, पुकारा करत, आणि आतून काही येत नसे. हौसाबाईंनी जेवणखाणही पलंगावरच सुरू केलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. काका भिंतीपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता.

"डाक्टर म्हनले, आजून लई दिस चालायला पायजे. फाटा तर रोज जवळ येत हुता मॅडम. फाटा आला की ही उतरंल, मग फुडं कुठं नेऊ हिला? म्हनून वाट वाढवली. आता हाय ती बी ग्येली. पाय आखडला तर माज्या पायी."

मी दुसऱ्यांच्या घरात लक्ष घालत नाही, हे तुमच्या आईला विचारा. पण हौसाबाईंच्या पलंगाजवळची खिडकी त्यांच्या अंगणात, माझ्या भिंतीलगतच उघडते. मी माझ्या बाजूनं भिंतीपाशी खुर्ची टाकली आणि म्हटलं, "हौसाबाई, इतका राग एका दरडीचा?"

आत पलंग करकरला. मग पलंगावरून आवाज आला.

"तुमाला सांगते ताई. आमचं लगीन झालं तवा हे ह्याच रोडला हुते. रोज माज्या आईच्या वस्तीच्या फाट्यावरनं जायचे. आई फाट्याला उभी ऱ्हायची, तिला हात करायचे. पैली दिवाळी आली. भाऊ न्यायला आला. मी नवी साडी नेसून ष्ट्यांडवर गेले, तर गाडीवर हेच. मी म्हनलं, आज बसू आपन ह्यांच्या गाडीत, आई बघंल फाट्यावरनं. तर हे म्हनले, मागच्या गाडीनं या. मागची गाडी दोन तासानं. लई गर्दी. उभी ग्येले ताई, फाट्यापतोर उभी. पुढं पोर कडंवर आसली तरी तेच. साऱ्या मुलखाला म्हनले मधी जागा हाय. माज्यासाठनं नव्हती."

मी खुर्ची भिंतीकडे आणखी ओढली.

"आता म्हातारपनी पैल्यांदा ह्यांच्या गाडीत बसले," त्या म्हणाल्या, "तर ती बी खोटी निघाली."

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून काका भिंतीवरचा चुना नखानं खरवडत उभे राहिले.

"नियम हुता, मॅडम."

"होता."

"नियम बराबर हुता."

"असेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला काकांनी अंगणात खुर्ची आणली आणि बाहेरच्या बाजूला, जिथून गल्ली दिसते तिथं ठेवली. खिशातून रुमाल काढला, झटकला, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर नीट पसरला. मी आणि सलीमभाई बघतच राहिलो. मग पुकारा केला. दारात कुणी नाही.

सलीमभाई हळूच म्हणाले, "ढवळेसाब, खिडकीची सीट रिकामी दिसती. कुणाला देऊ का?"

"ती जागा धरलीय," काका मोठ्यांदा म्हणाले.

आतून आवाज आला, "कुनी धरली?"

"कंडक्टरनं."

"कुनासाठनं?"

काकांचा आवाज स्टँडवर कधी फाटला नव्हता, तो तेव्हा थोडा फाटला. "घरच्या मानसासाठनं."

वॉकरचा खटका ऐकू आला. हौसाबाई दारात आल्या, खुर्चीकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं, आणि बसल्या नाहीत. "दरडीचं काय झालं?"

"नव्हती दरड. मी खोटं बोललो. तुजा फाटा रोज जवळ येत हुता, आन् डाक्टर म्हनत्यात चालनं लई दिस पायजे. तू उतरून गेली आस्ती तर म्या काय केलं आस्तं?"

हौसाबाई त्यांच्याकडं अशा बघत राहिल्या, जसं लहान मुलाकडं बघावं.

"आवो, माह्यारला गेलेलं मानूस सासरी परत येत न्हाई व्हय? मला परतीची गाडी न्हाई का? तिकीट द्या. जाऊन यायचं."

समोरच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हौसाबाईंनी रुमाल उचलून त्याची घडी घातली, ती कमरेला खोचली, आणि खिडकीच्या जागेवर पाच मिनिटं ऐटीत बसल्या. नंतर गाडी चिखलीच्या घाटातून सरळ गेली.

कोळगावला चहाची दहा मिनिटं झाली. आम्ही आपापल्या अंगणात चहा प्यायलो, सलीमभाईंचा कप काकांनी उपडा घालून ठेवला, "ड्रायव्हरसायबांचा रोजा सुटल्यावर." घारगावला हौसाबाईंनी वॉकर सोडून काठी धरली. काकांचा हात कोपराखाली होताच.

आणि मे महिन्याच्या शेवटी फाटा आला. ते छप्पन्नावं किलोमीटर मीही माझ्या अंगणात पावलं मोजत चालले. काकांनी थांबायची एक बेल दिली, सलीमभाईंनी तोंडानं ब्रेक लावला. "माळवाडी फाटाऽ! उतरा."

हौसाबाई म्हणाल्या, "वस्ती आत दोन किलोमीटर हाय. आत सोडा की."

"एसटी आत जात न्हाई."

"मग तुमी चला सोडायला."

"कंडक्टर गाडी सोडून उतरत न्हाई," काका म्हणाले आणि हौसाबाईंच्या कोपराखालचा आपला हात काढून घेतला.

दोन किलोमीटर म्हणजे दोन फेऱ्या, एकट्यानं. हौसाबाईंनी त्यांच्याकडं एकदा रोखून पाहिलं. मग काठी पुढं टाकली.

पहिली फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीत नळापाशी ओल होती, तिथं त्या थांबल्या. काठी हलली. काका अर्धं पाऊल पुढं आले आणि तिथंच थांबले. दोन्ही हात त्यांनी मागं बांधले होते, आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडलेली मला माझ्या अंगणातून दिसत होती. सलीमभाईंचे ओठ हलत होते. हौसाबाईंनी ओल टाळून पाय बाजूला टाकला. मग दुसरा. मग नळ मागं पडला.

त्या दारापाशी पोचल्या तेव्हा काकांनी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. नंबर आधीच लावून ठेवला होता. "घे. तुजा भाऊ हाय. बांधावर हुबा हाय."

फोनमधला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "आक्का! कवा आलीस?"

"आत्ताच," हौसाबाई म्हणाल्या. "फाट्यापासनं चालत आले."

नंतर परतीची गाडी झाली. सगळं उघडल्यावर, पुढच्या वर्षी, दोघं खरोखरच्या एसटीनं एकत्र माळवाडीला जाऊन आले, शेजारी शेजारी बसून. परत आल्यावर मी विचारलं, "काका, प्रवास कसा झाला?" तर म्हणाले, "कंडक्टर पोरगा बरा हाय. पर वरडत न्हाई पोटातनं." हौसाबाई मात्र खूश दिसत होत्या.

काका गेले ते दुपारी, जेवून आडवे झाले असताना. दुखणं नाही, दवाखाना नाही. तीस-पस्तीस जुने ड्रायव्हर-कंडक्टर आले होते, श्रीगोंद्याहून, राहुरीहून, पारनेरहून. आमच्या अंगणांत त्यांना उभं राहायला जागा पुरेना, तर हौसाबाईंनीच उठून एकेकाला पुढं सरकवलं.

त्या दिवसांत मी शिकले ते एवढंच, की वेळ घालवायला माणसाला काम पुरत नाही, कुठंतरी पोचायचं असावं लागतं. डाळींचे डबे मी अजून उंचीप्रमाणेच लावते. पण घरातून पाय न काढता मी जेवढा नगर जिल्हा पाहिला तेवढा त्याआधीच्या चाळीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्याच्या दोन वह्या भरल्या आहेत. त्या सईच्या नावानं ठेवल्या आहेत.

आता काय उरलं आहे ते सांगते. अंगणांमधल्या भिंती आहेत तेवढ्याच उंच आहेत. सलीमभाईंचा गुडघा दुखतो, तरी ते येतात. संध्याकाळी साडेपाचला आम्ही तिघं चालतो. महिन्याभरात एक दिवसही खाडा झालेला नाही, दहाव्याचा आणि तेराव्याचासुद्धा. हौसाबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. उजवा पाय थोडा ओढतात, पण चालतात, आणि काठी घेत नाहीत.

तुमची,
आजी